श्रीफळ एकाच्या हाती, वाटेकरी अनेक



कारखान्याच्या गेल्या वार्षिक सभेत आडसाली लागणीत एकरी १०२ टन ऊस काढल्याबद्दल आमचा शाल-श्रीफळ देऊन गौरव झाला. तेव्हापासून गावात, कारखान्याच्या गेटवर, बँकेत, जो भेटेल तो एकच विचारतो, “आण्णा, कसं काय जमवलंसा?” या अंकाच्या संपादकांनीही तोच आग्रह धरला. म्हणाले, इथवरचा प्रवास लिहून द्या, नव्या पोरांना त्यातून काही घेता येईल. आम्ही काही लेखक नव्हे. पण विचारले आहे तर सांगितले पाहिजे, आणि सांगायचेच तर हिशोब पुरा सांगितला पाहिजे.

सत्काराच्या वेळी आमच्याविषयी “एकट्याच्या हिमतीवर, एकट्याच्या कष्टावर” असे बोलले गेले. बोलणाऱ्याचे मन चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण उसाचे बिल हाती पडते तेव्हा आपण नुसता वरचा आकडा पाहत नाही. सोसायटीची वसुली किती, पाणीपट्टी किती, बेण्याची आणि खताची उधारी किती, हे सगळे वजा जाऊन खाली काय उरते ते पाहतो. माणसाच्या यशाचेही तसेच आहे असे आम्हांस वाटते. वरचा आकडा १०२ टन हा खरा. त्यात कोणाकोणाचा वाटा आहे आणि कोणाचे देणे अजून बाकी आहे, ते पुढे मांडतो.

रान होते, पाणी नव्हते

आमचे गाव कृष्णाकाठचे म्हणतात, पण आमचे रान नदीपासून सहा-सात किलोमीटर आत, माळाच्या अंगाला. सगळे मिळून साडेचार एकर. १९७२ च्या दुष्काळात आमचे वय तेरा. त्या साली आई-वडील दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि आम्ही दोघे भाऊ तिथे मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढत होतो. रानात पाऊस झाला तर जोंधळा, हुलगा, मटकी. ऊस आम्ही पाहिला तो नदीकाठच्या मळीच्या रानात, आणि खाल्ला तो दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर.

१९७९ साली धाकटा भाऊ अठरा वर्षांचा झाला आणि गावातल्या एकाच्या ओळखीने मुंबईला कापडगिरणीत बदली कामगार म्हणून लागला. एका खोलीत पंधरा-वीस जण, खानावळीचे जेवण, मिळेल ती पाळी. महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर मात्र चुकली नाही. १९८१ साली गावाने नदीवरून उपसा करून माळाला पाणी आणण्यासाठी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढली. शेअरचे पैसे एकराच्या हिशोबाने भरायचे होते. वडील कचरत होते. माळाला पाणी चढते हे त्यांच्या पिढीने पाहिलेले नव्हते, आणि घरात पैसाही नव्हता. भावाने पत्र धाडले, “शेअर घ्या, पैसे मी पाठवितो. पाणी आले की मी माघारी येतो.” त्याने शेअरचे हप्ते भरले.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यांतल्या कितीतरी जणांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही, त्यांत आमचा भाऊ एक. तो गावी आला, पण नळाला पाणी यायला १९८४ साल उजाडले. तोवर साडेचार एकर कोरडवाहू रानावर दोन संसार चालणे शक्य नव्हते. भाऊ इचलकरंजीला यंत्रमागावर गेला आणि तिथलाच झाला. ज्या दिवशी आमच्या पाटात पहिले पाणी पडले त्या दिवशी, ज्याच्या पैशाने ते आले तो रात्रपाळी करीत होता. त्या पाण्याशिवाय आमच्या रानात उसाचे एक टिपरूही रुजले नसते. म्हणून वाटेकऱ्यांत पहिले नाव त्याचे.

टन ज्याचा त्याचा, उतारा सगळ्यांचा

पाणी आले म्हणून ऊस लावला, पण तो घालायचा कुठे? वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेला कारखान्याचा एक शेअर घरात होता. आज दिवाळीला सवलतीची साखर न्यायला येणाऱ्या तरुण सभासदाला या शेअरमागची कथा ठाऊक असेलच असे नाही. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील फार शाळा शिकलेले नव्हते. त्यांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली, आणि पुढे गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पुण्याहून येऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले व कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याची चाके फिरली. विखे पाटलांना १९६१ साली पद्मश्री मिळाली. पण ज्यांनी न दिसणाऱ्या कारखान्यासाठी गाठीचे पैसे काढून दिले, त्या शेतकऱ्यांची नावे आज कोण सांगू शकेल? एका माणसाचे नाव झाले ते योग्यच झाले. त्या नावाखाली हजारोंच्या अंगठ्यांचे ठसे आहेत, एवढेच ध्यानात ठेवायचे.

ही जुनी गोष्ट सांगण्याचे कारण आजच्या बिलात आहे. काट्यावर आपल्या गाडीचे वजन होते, ते टन ज्याचे त्याचे. पण दर ठरतो तो कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी जाहीर केली, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे उतारा एका दशांशाने हलला की टनाला ३४ रुपये ६० पैशांचा फरक पडतो. आम्ही १०२ टन काढू, पण शेजारच्या गटातून कोवळा, पाचटासकट, दोन दिवस बांधावर वाळलेला ऊस गव्हाणीत गेला तर उतारा आमचाही खाली येतो. आणि एखाद्या गरीब सभासदाने आपला वीस टनांचा ऊस पक्व झाल्यावर स्वच्छ करून धाडला, तर त्याने आमच्या बिलात भर घातलेली असते. असा एकमेकांत गुंतलेला हा धंदा आहे. यात “एकट्याचे यश” कुठून काढायचे?

शंभर टनांचे गणित

आता ज्यासाठी सगळे विचारतात ते सांगतो. यात गुपित काही नाही. एकरात तोडणीला येणारे ४० हजार ऊस पाहिजेत आणि एकेका उसाचे वजन अडीच किलो पाहिजे. गुणाकार केला की एक लाख किलो, म्हणजे शंभर टन. सगळी मेहनत या दोन आकड्यांसाठी असते.

आम्ही पाच फुटांची सरी सोडतो आणि दोन फुटांवर एक रोप लावतो. एकरात साधारण ४,३५० रोपे बसतात. दर रोपाला नऊ-दहा जोमदार फुटवे राखले की ४० हजारांचा आकडा गाठता येतो. फुटवे एकसारखे यावेत म्हणून जेठा कोंब वेळेवर मोडतो. आडसालीची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या आत उरकतो. त्याआधी रानात ताग किंवा धैंचा करून फुलोऱ्यावर आला की गाडतो. बेणे स्वतःच्या बेणेमळ्यातले, नऊ ते अकरा महिन्यांचे, प्रक्रिया केलेले. खोडव्याचे बेणे आम्ही कधी वापरीत नाही. खताची शिफारस आडसालीला एकरी १६० किलो नत्र, ६८ किलो स्फुरद, ६८ किलो पालाश अशी आहे. २०११ साली ठिबक केल्यापासून ती मात्रा एकदम न देता थोडी थोडी पाण्यातून जाते. २०१५-१६ च्या दुष्काळात पाण्याची पाळी लांबली तेव्हा ऊस तगला तो या ठिबकामुळे.

खोडव्याचे पाचट आम्ही पेटवीत नाही. सरीत पसरतो, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटतो आणि खत पहारीने भोके पाडून मुळाशी देतो. पहिली मात्रा पंधरा दिवसांच्या आत, दुसरी साडेचार महिन्यांच्या सुमारास. ही रीत आम्ही शोधलेली नाही, शास्त्रज्ञांनी बसवून दिलेली आहे. जातीचेही तसेच. आमच्या तरुणपणी जिकडे तिकडे को ७४० होता. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ साली को ८६०३२ शेतकऱ्यांना दिला, तोच आमच्या १०२ टनांचा ऊस. कोइमतूरला संकर करणारे आणि पाडेगावला वर्षानुवर्षे वाफे मोजणारे लोक आम्ही पाहिलेले नाहीत, पण आमच्या प्रत्येक टिपरात त्यांचा डोळा आहे.

२००२ सालची गोष्ट जुन्या सभासदांना आठवत असेल. लोकरी मावा आला आणि उसाची पाने खालून पांढरी, वरून काळी पडली. डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारा मारायचा कसा? मारला तरी मावा पुन्हा येई. तेव्हा कृषी संशोधकांनी सांगितले की, डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक मावा खातात, त्यांना जगवा, विष मारू नका. ज्याच्या रानात त्या अळ्या होत्या त्याच्याकडून पाने आणून आम्ही आपल्या उसात अडकवली, आणि आमच्याकडे त्या वाढल्यावर दुसऱ्यांनी आमच्याकडून नेली. त्या दिवसांत कोणी कोणाला नाही म्हटले नाही, कारण एकाच्या रानातला मावा दुसऱ्याच्या रानात जायला वाट बघत नव्हता.

पांढरे पडलेले सव्वा एकर

सत्कार झाला तो वरच्या रानाचा. खालच्या सव्वा एकराबद्दल कोणी विचारीत नाही. आमच्या मते मात्र खरी कमाई तिथली आहे.

उपशाचे पाणी आल्यावर दहा-बारा वर्षांत सगळे शिवार हिरवे झाले. वरच्या रानांना भरपूर पाणी, काळी जमीन, निचरा मंद. ते सगळे पाणी खाली ओढ्याच्या अंगाला उतरत गेले. भूजल वर आले, उन्हाने वरचे पाणी उडून गेले आणि क्षार मागे राहिले. १९९५ च्या पुढे आमच्या खालच्या सव्वा एकरावर पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसू लागले. तिथे वीस टनही ऊस निघेना. पुढे तर गवतही धड येईना. कृष्णाकाठी अशी रानं किती पडून आहेत, हे सभासदांना सांगायला नको.

माती तपासणीला दिली. खारवट आणि चोपण हे दोन वेगळे रोग आहेत, हे तेव्हा समजले. खारवट रानात क्षार धुऊन बाहेर काढावे लागतात. चोपण झालेल्या रानाचा सामू साडेआठाच्या वर जातो, मातीला सोडियम चिकटलेला असतो, त्याला जिप्समही द्यावे लागते. दोन्हींना निचरा मात्र लागतोच. जमिनीखाली तीन-चार फुटांवर सच्छिद्र पाईप घालायचे, त्यांतले पाणी एका मोठ्या बंद पाईपने ओढ्याला सोडायचे. उपाय कळला, पण अडचण अशी की, उतार बघता तो मोठा पाईप शेजाऱ्याच्या रानातूनच ओढ्याला जाऊ शकत होता.

या शेजाऱ्याचे आणि आमचे बांधावरून वडिलांच्या काळापासून वाकडे होते. तालुक्याच्या कोर्टात दावा चालला, वकील बदलले, आणि १९८८ साली तो दावा कोणाच्याच पदरात काही न टाकता संपला. त्यानंतर दोन्ही घरचे पुरुष एकमेकांशी बोलत नव्हते. बायका मात्र बोलत होत्या. भांगलणीला दोन्ही घरच्या बायकांचा पैरा कधी मोडला नाही, हे आम्हां पुरुषांना माहीत असून माहीत नसल्यासारखे होते.

२००६ साली पाईपलाईनची वेळ आली तेव्हा विषय पहिल्यांदा निघाला तो त्या पैऱ्यातच. शेजाऱ्याचेही रान खालून पांढरे व्हायला लागले होते. एका संध्याकाळी तो आमच्या बांधावर येऊन उभा राहिला आणि इकडेतिकडे न बघता म्हणाला, “पाईप न्या. पर माज्या रानातलंबी पाणी त्यात घ्या.” आम्ही म्हटले, “घेऊ की. खर्च क्षेत्रावर वाटू.” एवढेच बोलणे. मग अकरा जण जमले, उतार काढला, चर मारले, पाईप पडले. पहिल्या वर्षी धैंचा गाडला. पुढे खारवट रानात तग धरणारी फुले २६५ ही जात लावली. आज त्या सव्वा एकरात एकराला साठ टनांच्या वर ऊस निघतो.

त्या शेजाऱ्याच्या घरी आमचे जेवणखाण अजून फारसे नाही. जुनी गाठ एका पाईपने सुटत नाही. पण दर वर्षी मे महिन्यात पाईपाचे तोंड साफ करायला दोघेही खोरे घेऊन ओढ्यात उतरतो. एकट्याने उतरून चालत नाही, कारण पाणी दोघांचे आहे.

कोयत्याची पाठ

आपण आपले यश मोजतो ते काट्यावर. पण उभा ऊस आपोआप काट्यावर जात नाही. बीड, अहिल्यानगर अशा दुष्काळी भागातून दर हंगामाला नवरा-बायकोचा कोयता येतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. पहाटेच्या थंडीत, दहिवरात, तान्हे मूल पाचटावर निजवून तोड सुरू होते.

उसात सर्वांत जास्त साखर बुडख्याला असते. दोन-तीन इंच बुडखा रानात राहिला तर वजन गेले, साखर गेली, वर खोडव्याची फूटही कमजोर येते. म्हणून आपण फडात उभे राहून सांगतो, “जमिनीलगत तोडा.” जमिनीलगत तोडायचे म्हणजे कोयता मारणाऱ्याने दर उसाला आणखी वाकायचे. एकरात ४० हजार ऊस असतील तर ४० हजार वेळा वाकायचे. शेंड्याकडचा कच्चा भाग काढायचा, पाचट सोलायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. आमच्या १०२ टनांतला प्रत्येक किलो असा कोणाच्या तरी डोक्यावरून गेला आहे.

आमच्या फडावर टोळी असते तेव्हा पिण्याचे पाणी, सावलीला ताडपत्री आणि बायकांसाठी आडोसा या गोष्टी आम्ही करतो. हे औदार्य नव्हे. घरात पाहुणे आले तर आपण करतोच की. आता हार्वेस्टर येत आहेत, पुढे आणखी येतील. पण ज्यांच्या पाठीवर इतकी वर्षे कारखाने चालले, त्यांचा हिशोब मशीन आले म्हणून मिटला असे कोणी समजू नये.

घरचा हिशोब

ज्या रोपांमुळे एकरात नांग्या पडल्या नाहीत ती रोपे आमच्या सौभाग्यवतींनी घराच्या पडवीत ट्रेमधून वाढविलेली. एका डोळ्याचे टिपरू, कोकोपीट, रोजचे पाणी, मर झालेले रोप लगेच बदलायचे. चार हजारांवर रोपे त्यांनी लेकरांसारखी सांभाळली. चिटबॉय नोंद घ्यायला आला की नाव मात्र आमचे लिहून घेतो. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, घरच्या लक्ष्मीचे नाव जमिनीला लावा म्हणून. गावातल्या काहींनी तेव्हा लावले. आमच्या घरी ते २००८ साली झाले, आणि त्यासाठी जास्त मागे लागला तो इचलकरंजीचा भाऊच. म्हणाला, “वैनींचं नाव लावा आण्णा. रानात आपल्यापेक्षा त्या जास्त हायत्या.”

त्या भावाचा हिशोब कसा ठेवतो, हे पुष्कळ जण आडून विचारतात. सरळ सांगतो. सातबारा दोघांच्या नावे आहे. सभासद आम्ही, बिल आमच्या खात्यावर येते. लागवड, खत, पाणी, मजुरी असा खर्च वजा जाऊन जे उरते त्यातून आमच्या राबणुकीचा ठरलेला भाग आधी काढतो, बाकीचे निम्मे निम्मे. कागद दिवाळीत दोघांसमोर मांडतो. भाऊ वाचत नाही, पण त्याची पोरे वाचतात, आणि ती वाचतात हेच बरे आहे.

खरा घोर पुढचा आहे. आमची दोन मुले, भावाची दोन. साडेचार एकराचे चार भाग केले तर एकेकाच्या वाट्याला पंचेचाळीस गुंठे. त्यात तीन नवे बांध जातील, ठिबकाची लाईन चार ठिकाणी तुटेल, आणि खालच्या निचऱ्याचा पाईप कोणाच्या वाट्याचा यावर पुन्हा एक दावा उभा राहील. आपल्या भागात असे किती मळे फुटलेले आम्ही पाहिले! बापाने पाणी आणले, पोराने ऊस पिकवला, नातवांनी बांध कोरले. तिसऱ्या पिढीला जे टिकत नाही त्याला यश म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

म्हणून गेल्या पाडव्याला चौघांना बसवून बोललो. थोरला पुतण्या जरा तावातावाने म्हणाला, “काका, माझं रान मला दाखवा तरी.” त्याचे चूक नव्हते. ज्याच्या बापाने घाम मुंबईत गाळला त्याला रानात पाय ठेवायला जागा नसावी, हे कसे चालेल? शेवटी असे ठरले की, नावे चौघांची लागतील, पण रानात बांध पडणार नाही. कसायचे एकत्र, वाटायचे बिल. जो कसेल त्याची मजुरी आधी, मग सारखे वाटे. ज्याला बाहेर पडायचे असेल त्याने आधी घरातल्यांना विचारावे. कागद केला आहे, सह्या झाल्या आहेत. तो किती वर्षे टिकेल ते पोरांच्या हाती आहे. आमच्या हाती होते ते हिशोब उघडा ठेवणे, तेवढे केले.

नव्या सभासदांसाठी

आता कोणी म्हणेल, आण्णांनी स्वतःचे काहीच ठेवले नाही, सगळे वाटून टाकले. तसे नाही. पहाटे उठून ठिबकाच्या लाईनी आम्ही धुतल्या, सऱ्या आम्ही मोजल्या, वही आम्ही लिहिली. कष्टाला पर्याय नाही आणि आपल्या कष्टाचा अभिमान बाळगण्यात काही वावगे नाही. पण नुसत्या कष्टाने यश आले असते तर माळावर खडी फोडणारे आमचे आई-वडील गावात सर्वांत यशस्वी ठरले असते. ते आमच्यापेक्षा कमी राबले नाहीत. फरक पडला तो पाण्याने, शेअरने, बेण्याने, पाईपाने, म्हणजेच दुसऱ्यांच्या हातांनी.

तेव्हा तरुण सभासदांना आमचे सांगणे येणेप्रमाणे. शंभर टनांच्या मागे जरूर लागा, पण आधी माती तपासा आणि पाणी मोजून द्या. वरच्या रानातला जास्तीचा पाट खालच्या रानाचे मीठ होतो. लागणीपासून तोडणीपर्यंतची वही ठेवा, त्यात खर्चाबरोबर कोणाची मदत झाली तेही लिहा. पाचट पेटवू नका. पक्व नसलेला ऊस नंबर लागला म्हणून घाईने तोडू नका, आणि तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत जाईल असे बघा. घरातली जी बाई रानात राबते तिचे नाव कागदावर आणा. भाऊ बाहेरगावी असेल तर बिलाची झेरॉक्स त्याला पाठवा. मागण्याची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका. शेजाऱ्याशी बोलणे बंद असेल तर निदान निचऱ्यापुरते तरी सुरू करा.

यंदाची आडसाली लागण उभी आहे. कांड्या बऱ्या धरल्या आहेत, हुमणी कुठे दिसत नाही. ज्या सभासदांना पाच फुटी सरी, रोपवाटिका किंवा खालचा निचरा बघायचा असेल त्यांनी खुशाल रानात यावे. पाईपाचे तोंड बघायचे असेल तर शेजाऱ्यालाही हाक मारू, तो उतार आमच्यापेक्षा चांगला समजावून सांगतो.